चौथ्या पिंजऱ्यातला गूळ

गोपिकाबाई भोयरांची गोष्ट त्या कॉलेजात पुष्कळ वर्षं सांगितली गेली, पण उलटी सांगितली गेली. एका अडाणी बाईनं उंदरांना चोरून गूळ चारला आणि सरांच्या प्रयोगाची माती केली, एवढंच सांगून पोरं चहाच्या टपरीवर हसायची. हसतील त्यांचे दात दिसतील. खरं असं की गोपिकाबाईनं चोरून काहीच केलं नाही. तिनं जन्मात जे केलं ते समोर उभं राहून केलं, आणि अडचण सगळ्यांना त्याचीच होती.

नागपुरातल्या औषधशास्त्राच्या त्या कॉलेजात ती सदुसष्ट साली लागली. काम उंदरांच्या खोलीचं. पांढरे, लाल डोळ्यांचे उंदीर. त्यांचे पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, दाणापाणी करायचं. तिच्याआधी तीन शिपाई ते काम सोडून गेले होते. एकाला वास सोसेना, दुसऱ्याला गणपतीच्या वाहनाची विटंबना वाटे, तिसऱ्याला उंदरानं चावून पळवलं. गोपिका टिकली. कोणी विचारलं, तुला किळस येत नाही का, तर म्हणायची, "मानसायपेक्षा बरे. चावाच्या आंधी कान तरी मागं करतात." कॉलेजात तिला उंदीरवाली बाई म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे, कारण पगाराच्या कागदावर नाव पूर्ण असे.

ती पारडसिंग्याची, कुणब्याघरची. शाळा चौथीपर्यंत. पण बापाच्या गोठ्यात जे शिकली ते पक्कं शिकली. बैल आजारी पडला की बाप बांबूच्या नळीनं त्याच्या घशात कडू काढा ओतायचा, आणि लगेच त्याच तळहातावर गुळाचा खडा धरायचा. "ज्या हातानं कडू देल्लं, त्याच हातानं गोड द्याव," तो सांगायचा. "नाईतर जनावर तो हात ध्यानात ठेवते." गोपिकेनं हे वाक्य गाठीला बांधलं होतं. पुढचं सगळं रामायण त्या गाठीतून निघालं.

तिचा नवरा मधुकरराव रेल्वे स्टेशनातल्या आर. एम. एस.मध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालखात्यात, पत्रांच्या वाटणीवर होता. समोर भिंतभर लाकडी खण, हातात पत्रांचा गठ्ठा. पत्त्यावर नुसती नजर पडली की हात आपोआप बरोबर खणाकडे जायचा. विदर्भातलं कुठलंही खेडं सांगा, ते कोणत्या लाइनीवर, कोणत्या पोस्टाखाली, हा माणूस जेवता जेवता सांगे. बेचाळीस साली मुलगी पाहायला आले तेव्हा स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, असलं काही विचारलं नाही. गावाचं नाव ऐकलं आणि मान हलवून म्हणाले, "पारडसिंगा. काटोल लाइन." बायका पदराआड हसल्या. पुढे घरात कोणी नसलं की ते तिला याच नावानं हाक मारत. "काटोल लाइन, पानी दे वं." तिलाही ते आवडे.

बहात्तर साली त्यांनी वणीची पत्रं वरूडच्या खणात टाकली. एकदा झालं, लोकांनी चहा पाजून सोडून दिलं. दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं. मग ते गठ्ठा हातात धरून खणांसमोर नुसतेच उभे राहू लागले. चौऱ्याहत्तर साली खात्यानं त्यांना प्रकृतीच्या कारणानं घरी बसवलं. वय त्रेपन्न.

धंतोलीतल्या डॉक्टरांनी दोन-तीनदा तपासलं. भला माणूस होता, खोटं बोलला नाही. मेंदू आतून सुकत चालला आहे म्हणाला. अल्झायमर नावाच्या जर्मन डॉक्टरनं हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला, म्हणून त्याचंच नाव. आधी कालचं जाईल, मग परवाचं, मग घरच्यांची नावं जातील.

"अन् इलाज?" गोपिकेनं विचारलं.

"इलाज नाही, बाई."

"नाई म्हंजे सापडला नाई, का कोनं पाहिलाच नाई?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "फारसा कोणी पाहिलेला नाही, हे खरं." गोपिका उठली. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं.

घरी वेगळंच वाढून ठेवलेलं होतं. सक्करदऱ्यात भोयर भावांची दोन-दोन खोल्यांची दोन घरं होती आणि अंगण एक. थोरला भाऊ मारोतराव, म्हणजे गोपिकेचा भासरा. भासऱ्यासमोर धाकट्याच्या बायकोनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. मारोतराव दहा हातांवर बसलेले असले तरी गोपिका त्यांच्या बायकोला, कांताबाईला सांगायची, आणि कांताबाई तेच शब्द नवऱ्याला पुन्हा सांगायची. लग्नापासून हे असंच चाललेलं. दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकलेला होता, पण एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते.

गोपिका कॉलेजात गेली की मधुकररावांवर कांताबाईनं नजर ठेवायची. पण ते निसटायचे. एकदा स्टेशनावर सापडले, ड्यूटीला आलो म्हणून खणांच्या खोलीचं दार वाजवत होते. एकदा रुळांवरून चालताना गँगमननं धरून आणले. त्या दिवशी मारोतराव हादरले. "त्याले पागलखान्यात ठेवू," ते अंगणातून मोठ्यानं कांताबाईला म्हणाले, म्हणजे गोपिकेला म्हणाले. "तठी कुलूप तरी राहते. उद्या गाडीखाली गेला तं मी कोनाले तोंड दाखवू?" मारोतराव दुष्ट नव्हते. भावावर त्यांचा जीव होता, म्हणूनच ते घाबरले होते. पण घाबरलेल्या माणसाला कुलूप लवकर सुचतं.

गोपिकेनं आतून उत्तर पाठवलं, "सांगा म्हनाव, आंधी औषध करून पाहातो."

औषध म्हणजे ब्राह्मी. पंच्याहत्तर साली कॉलेजात डॉक्टर मार्तंड कोठेकरांनी प्रयोग मांडला होता. मार्तंडसर हुशार माणूस, बोलण्यात मऊ, कामात घाईचा. ब्राह्मीनं बुद्धी वाढते असं आपल्याकडे आजीपासून सगळे सांगतात. सरांचं म्हणणं, सांगून भागत नाही, मोजून दाखवा. तेलंगखेडीच्या तळ्याच्या काठी चिखलात पसरणारी ती बारक्या जाड पानांची वेल गोपिकेलाच उपटून आणायला सांगितली, कारण चिखलात उतरायला दुसरं कोणी तयार नव्हतं. ती सावलीत वाळवायची, कुटायची, आणि सर तिचा अर्क काढायचे. चार पिंजरे, दर पिंजऱ्यात सहा उंदीर. पहिल्याला साधं पाणी. दुसऱ्याला थोडा अर्क, तिसऱ्याला जास्त, चौथ्याला सगळ्यात जास्त. मग प्लायवूडचा भुलभुलैया. एका टोकाला उंदीर सोडायचा, दुसऱ्या टोकाला बेसन-गुळाची गोळी. किती वळणं चुकला आणि किती सेकंद लागले, ते सर घड्याळ लावून दर उंदराच्या चिठ्ठीवर लिहीत, आणि त्या चिठ्ठ्या भिंतीवरच्या लाकडी खणांत लावून ठेवत.

पहिल्याच दिवशी गोपिकेनं विचारलं, "सर, हे औषध मानसायले चालते का?"

"अजून काही सिद्ध झालेलं नाही, गोपिकाबाई."

"म्हंजे चालत नाई असंही सिद्ध झालं नाई."

सर हसले. तिनं त्याच संध्याकाळी पदराखाली नाही, उघड्या पिशवीतून मूठभर ब्राह्मी घरी नेली, आणि सरांना दाखवून नेली. रोज सकाळी मधुकररावांना खाटेवर बसवायची, काढा पाजायची, मग तळहातावर गुळाचा खडा धरायची आणि ते तो चघळेपर्यंत त्यांचा हात हातात घेऊन बसायची. आणि उंदरांच्या खोलीतही बापाची गाठ सुटली नाही. अर्क थेंबनळीनं पाजताना उंदीर तोंड वेडंवाकडं करत, थुंकत, अंग चोरत. तिला ते बघवेना. मग ती अर्क पाजला की एकेकाला मांडीवर घेऊन बोटावरचा गूळ चाटू द्यायची. न्यायानं द्यायची हो! दुसऱ्या पिंजऱ्याला कडू थोडं, म्हणून गूळ चिमूटभर. तिसऱ्याला त्याहून जास्त. चौथ्याला सगळ्यात कडू, म्हणून सगळ्यात जास्त गूळ आणि मांडीवर सगळ्यात जास्त वेळ. पहिल्याला नुसतं पाणी. त्यांना कशाला हवा गूळ? सर त्या वेळी वर्गावर असत. त्यांनी कधी विचारलं नाही, आणि सांगण्यासारखं काही आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

आकडे आले तेव्हा सर लहान पोरासारखे नाचले. पहिल्या पिंजऱ्यातले उंदीर कोपऱ्यात दडून बसत, वाट चुकत. दुसऱ्यातले बरे, तिसऱ्यातले चांगले, चौथ्यातले सुसाट. सरांनी कागदावर आलेख काढला आणि तिला बोलावून दाखवला. "पायऱ्या बघा, गोपिकाबाई, पायऱ्या! जितकं औषध जास्त, तितकी आठवण जास्त. याहून चांगला पुरावा असतो का?"

गोपिकेचे डोळे भरून आले. कारण घरीही तेच चाललं होतं. दोन महिन्यांत मधुकरराव शांत झाले होते, निसटायचे थांबले होते, आणि एका सकाळी गूळ चघळता चघळता खिडकीकडे पाहून म्हणाले, "कळमेश्वर, मेटपांजरा, काटोल, नरखेड." क्रमानं, न चुकता. कांताबाईनं हातातलं भांडं तसंच ठेवलं आणि नवऱ्याला बोलावून आणलं. मारोतरावांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. "औषध लागू पडून राहिलं," ते म्हणाले. "मंग राहू द्या घरी. औषध हाये तोवर पागलखान्याचं नाव नाई काढनार."

औषध आहे तोवर. हे शब्द लक्षात ठेवा.

शहात्तरच्या पावसाळ्यात सरांना हैदराबादच्या परिषदेचं बोलावणं आलं. मुंबईची एक औषध कंपनी पत्रं पाठवू लागली. हिवाळ्यात तिची माणसं स्वतः येऊन उंदीर पाहणार होती. बाटलीवर पान कुठल्या बाजूला छापायचं इथवर गोष्ट गेली होती.

आणि मग तो तुटक्या कानाचा निघाला.

पहिल्या पिंजऱ्यात दोन उंदरांची जुंपली आणि एकाचा कान अर्धा गेला. गोपिकेनं त्याला वेगळ्या खोक्यात ठेवलं. खोबरेल तेलात हळद कालवून लावायची. झोंबतं म्हणून मांडीवर घेऊन गूळ द्यायची. दहा-बारा दिवसांत तो तिच्या हाताला इतका सोकावला की पावलांचा आवाज आला तरी खोक्याच्या काठावर उभा राहायचा. जखम सुकली, तिनं त्याला परत पिंजऱ्यात सोडलं. दुसऱ्या दिवशी भुलभुलैयाची पाळी होती. हा पठ्ठ्या, ज्याच्या पोटात ब्राह्मीचा थेंब गेलेला नाही, एकही वळण न चुकता चौथ्या पिंजऱ्यातल्यांच्या वेळात गोळीपाशी जाऊन बसला.

सरांनी घड्याळ पाहिलं, भुवया उंचावल्या, आणि आकड्यावर काट मारली. "एखादा चुकार निघतो. तो धरायचा नसतो."

दुपारी गोपिकेनं डबा उघडला. ज्वारीची भाकर, तिखट आणि शेवटी खायचा गुळाचा खडा. ती त्या खड्याकडे पाहत बसली आणि सरांच्या पायऱ्या तिच्या डोळ्यांसमोर आल्या. पहिल्याला नाही, दुसऱ्याला चिमूटभर, तिसऱ्याला जास्त, चौथ्याला सगळ्यात जास्त. त्या ब्राह्मीच्या पायऱ्या कशावरून? त्या गुळाच्याही होत्या. तिच्या मांडीच्याही होत्या. जे उंदीर तिच्या हाताला सरावले ते निर्धास्त पळाले, आणि बाकीचे बिचारे आठवत नाही म्हणून नव्हे, भीतीनं कोपऱ्यात बसले.

उंदरांचं एक वेळ जाऊ द्या. घरी खाटेवरही तिनं काढ्यासोबत गूळच दिला होता, हातच धरला होता. हे बोललं की औषध गेलं. औषध गेलं की मारोतरावांचा शब्द सुटला. आणि न बोलली तर? कोणालाही कळणार नव्हतं. सरांचं नाव होणार होतं, नवरा घरी राहणार होता, सगळ्यांचं भलं होतं. ती भुशाच्या पोत्यावर बसून रडली. आधी भीतीनं रडली, मग स्वतःच्याच रागानं.

राग शेवटी उपयोगी पडला. तिला डॉक्टरांचं वाक्य आठवलं, फारसा कोणी पाहिलेला नाही. आता सगळे म्हणणार, सापडलं. सापडलं म्हणून दवंडी पिटली की शोधणं बंद होतं. बाटल्या निघतील, लोक लांबून लांबून येऊन घेऊन जातील, आणि त्या बाटलीत जर नुसता तिचा गूळ असला, तर खरं औषध शोधायला पुन्हा कोण बसणार? आपल्या नवऱ्याच्या नावानं आपणच हे दार लावून घ्यायचं? तिनं डोळे पुसले आणि सरांच्या खोलीत गेली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. आधी हसले, मग कागद आवरू लागले. "गुळानं असं काही होत नसतं. आकडे तुमच्या-माझ्या सांगण्यावर चालत नाहीत. आणि हे बाहेर कुठे बोलू नका."

"मंग एक करा. साऱ्यायले सारखा गूळ देऊन पाहू."

"आता वेळ कुठे आहे?"

"मले हाये. उद्यापासून चारी पिंजऱ्यायले सारखा गूळ देईन, सारखं मांडीवर घेईन. तुमाले सांगून देऊन राहिली, सर. मागाहून म्हनसान का सांगतलं नाई."

सरांसमोर परिषदेचे कागद पसरलेले होते. मान वर न करता ते म्हणाले, "द्या, द्या. काय द्यायचं ते द्या."

तिनं दिलं. पाच आठवडे, एकही दिवस न चुकता, चोवीस उंदरांना सारखा गूळ आणि सारखी मांडी. ब्राह्मी मात्र सर सांगत तशीच. पहिल्या पिंजऱ्याला थेंब नाही.

कंपनीची दोन माणसं आली ती सफारी घालून, चामड्याच्या बॅगा घेऊन. चार प्राध्यापक, दाराशी विद्यार्थ्यांची गर्दी. सरांनी छान भाषण केलं. मग म्हणाले, "आधी ज्याला औषध दिलेलं नाही असा उंदीर पाहा. हा गोंधळेल, कोपऱ्यात बसेल." आणि गोपिकेला खूण केली. तिनं पहिल्या पिंजऱ्यातला एक उचलून सोडला. तो गोंधळला नाही, बसला नाही. सरळ वाट कापत गेला आणि गोळी खाऊ लागला. सर म्हणाले, दुसरा घ्या. दुसराही तसाच. तिसऱ्यानं एक वळण चुकवलं आणि लगेच सुधारलं. सरांच्या कपाळावर थंडीत घाम आला. मग चौथ्या पिंजऱ्यातले सोडले. तेही पळाले, पण आता त्यात पाहण्यासारखं काय राहिलं होतं? कंपनीच्या एका माणसानं बॅग मिटली आणि दुसऱ्याकडे पाहून हसला.

"गोपिकाबाई!" सर ओरडले. त्यांना कोणी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "तुम्ही माझा प्रयोग बिघडवला!"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. दुसरी कोणी असती तर मान खाली घातली असती. गोपिकेनं हातातला उंदीर पिंजऱ्यात ठेवला, दार लावलं आणि म्हणाली, "बिघडवला नाई, सर. सारखा केला. बिघडला आंधीच होता, अन् तो मी बिघडवला होता. ते तुमाले सांगतलं होतं."

आठ दिवस सर उंदरांच्या खोलीत फिरकले नाहीत. कॉलेजात उठलं की उंदीरवालीची नोकरी गेली. ती रोज येत होती, पिंजरे धूत होती. नवव्या दिवशी सर आले, स्टूल ओढून बसले. मग वही उघडली. "कोणत्या पिंजऱ्याला किती गूळ, किती वेळ मांडीवर, पहिल्या दिवसापासून सांगा." तिनं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. हे करायला छाती लागते. परिषदेत टाळ्या घेण्यापेक्षा जास्त लागते. म्हणून मला मार्तंडसर आवडतात.

त्यांनी पुढचं अख्खं वर्ष प्रयोग पुन्हा केला, साठ उंदरांवर, सगळ्यांना सारखं वागवून. शेवटी ब्राह्मीवाल्यांत थोडा फरक दिसला. सांगण्याएवढा नाही, आणि सोडून देण्याएवढाही नाही. सरांनी तेवढंच लिहिलं, एक शब्द जास्त नाही. कंपनी परत आली नाही. पण ते पुढचं झालं. त्या नवव्या दिवशी वही मिटताना सरांनी विचारलं, "मधुकररावांना काढा अजून देता?"

"देतो की. खरं सिद्ध झालं नाई एवढंच. खोटं कोठी सिद्ध झालं?"

"मग मी तुमच्यासाठी काही करू शकतो का?"

"हो," ती म्हणाली. "या खोलीत आनखी एक स्टूल पाह्यजे."

घरी तिनं लपवलं नव्हतं. कंपनीच्या माणसांसमोर उंदीर पळाले त्याच संध्याकाळी कांताबाईला सांगून टाकलं, की औषध लागू पडलं म्हणत होतो ते खरं नव्हतं. कांताबाईनं कपाळाला हात लावला. "सांगाची काय जरूर होती वं? गप राहिली असती तं राहिला असता तो घरी." भिंतीपलीकडे मारोतरावांनी ऐकलं. दोन आठवड्यांनी एका रविवारी सकाळी ते सायकलरिक्षा घेऊन अंगणात आले.

गोपिका चुलीपाशी काढा गाळत होती. बाहेर येऊन पाहते तर मधुकरराव इस्त्रीचा सदरा घालून रिक्षात बसलेले, बाजूला त्यांची छोटी पेटी. फिरायला जाऊ म्हणून भावानं बसवलं होतं. अंगणाच्या कडेला शेजारची चार माणसं उभी. मारोतराव नेहमीसारखं कांताबाईकडे तोंड करून म्हणाले, "तिले सांग, माह्या भावाले मी मरू देनार नाई. औषध होतं तोवर मी शब्द पाळला. आता औषध नाई."

कांताबाईनं तोंड उघडलं, पण गोपिकेनं हात वर करून तिला थांबवलं. डोक्यावरचा पदर होता तसाच ठेवला आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा भासऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"दादाजी, मलेच सांगा. मी इथीच उभी हाये."

मारोतराव दचकून एक पाऊल मागे सरले. शेजारची एक म्हातारी म्हणाली, अगंबाई.

"औषध नाई म्हनून मानूस सोडाचा असते काय?" गोपिका म्हणाली. "औषध नाई हे तुमाले कोनं सांगतलं? म्याच सांगतलं. लपवाचं असतं तं तुमाले जलमात कळलं नसतं. जे खरं सांगते तिच्यावर भरवसा ठेवसान का कुलपावर?"

"मंग त्याले पाहीन कोन?" मारोतराव म्हणाले. तेही आता थेट तिच्याशीच बोलत होते, आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. "तू कामावर जातं. हे म्हातारी झाली. तो रुळावर गेला म्हंजे?"

"उद्यापासून माह्यासंग कॉलेजात येतीन. सरायले विचारलं म्या. स्टूल मांडलं हाये. उंदरायच्या चिठ्ठ्या खनाखनात लावतीन. चुकल्या तं मी पुन्हा लावीन."

मारोतरावांनी रिक्षाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता, पण हट्ट गेला नव्हता. "तो तुले वळखते तरी का वं? कालच्याला मले विचारत होता, हे बाई कोन हाये म्हनून. ज्याले तू कोन हे ठाऊक नाई, त्याच्यासाठी..."

गोपिकेला ते माहीत होतं. चार दिवस झाले, मधुकरराव तिचं नाव घेत नव्हते. ते ऐकताना तिला जे झालं ते तिचं तिलाच ठाऊक. ती आत गेली, काढ्याची वाटी घेऊन आली आणि ओट्याच्या पायरीवर बसली. वाटी बाजूला ठेवली. कनवटीचा गुळाचा खडा काढून तळहातावर ठेवला आणि हात पुढे धरला. हाक मारली नाही.

मधुकररावांनी हात पाहिला. मग रिक्षाचा दांडा धरून हळूहळू खाली उतरले. पेटी तशीच राहिली. अंगणात वाटेत रिक्षावाला होता, शेजारचे होते, तुळशीचा ओटा होता, आणि मध्ये थोरला भाऊ उभा होता. ते प्रत्येकाला वळसा घालून, एकही पाऊल न चुकता पायरीपर्यंत आले, तिच्याजवळ बसले आणि वाटीतला कडू काढा आपणहून पिऊन टाकला. मग तिच्या तळहातावरचा गूळ उचलला.

"मधू," मारोतराव त्यांच्यापुढे वाकून म्हणाले. "हे कोन हाये रे? नाव सांग बरं."

मधुकरराव गूळ चघळत तिच्याकडे पाहत राहिले. नाव आलं नाही. कपाळाला आठ्या पडल्या. मग उजवा हात थोडा उचलला गेला, समोर खण असल्यासारखा, आणि ते म्हणाले, "काटोल लाइन."

शेजारच्यांना काही कळलं नाही. मारोतरावांना कळलं, मुलगी पाहायला गेले तेव्हा तेही तिथे होते. तेही पायरीवरच बसले, भावाच्या पलीकडे.

"पत्ता बरोबर हाये," गोपिका रिक्षावाल्याला म्हणाली. "पेटी इथी ठेव अन् रिक्षा घेऊन जा."